पंधरा बारचं मशीन, नऊ बारची कॉफी

"मॅडम, ते पंधरा बारचं आहे, हे एकोणीस बारचं. म्हणून अकरा हजारांचा फरक." दुकानातल्या मुलाने दोन्ही मशीनच्या डोक्यावर थाप मारत एका दमात सांगितलं. बटण दाबलं की दाणे दळून, दाबून, कॉफी कपात सोडून चोथाही स्वतःच टाकून देणारी ही मशीन. मी मान डोलावली, कारण नवरा शेजारी घड्याळ बघत उभा होता. पण परतताना रिक्षात तोच आकडा डोक्यात घोळत होता. एकोणीस बार, म्हणजे नेमकं जास्त काय?

एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब. कुकरची शिटी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा जेमतेम एक बार जास्त असतो. एस्प्रेसो, म्हणजे दाबून बसवलेल्या बारीक कॉफीतून गरम पाणी जोराने ढकलून काढलेली दाट कॉफी. तिला लागतात सुमारे ९ बार. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ तळाशी एक बार दाब देतो. म्हणजे तीस मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतून पाणी मध्ये कुठेही न अडता तळमजल्याच्या नळाला आलं, तर त्या नळाला जो दाब असेल तो हा. मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ मध्ये पेटंट घेतलं ते मशीन वाफेवर चालायचं, त्याला दीड बारच्या आसपास मजल मारता यायची. दुसऱ्या महायुद्धानंतर अकिले गॅजियाच्या दांडीवाल्या मशीनने दाब आठ-नऊ बारवर नेला आणि कपावर पहिल्यांदा तो तांबूस फेस आला.

मग पंधरा कुठून आले? घरगुती मशीनमध्ये बहुधा तळहातावर मावेल एवढा कंपन पंप असतो. तारेच्या वेटोळ्यात एक छोटा दट्ट्या, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे. मशीन सुरू झाल्यावर येणारी ती घर्रर्र त्याचीच. या पंपाचा पंधरा बार हा आकडा पुढचं तोंड पूर्ण बंद असतानाचा आहे. पाणी वाहू लागलं की दाब उतरतो, प्रवाह जितका जास्त तितका दाब कमी. स्पीडोमीटरवर २२० लिहिलेली गाडी लक्ष्मी रोडवर चालवण्यातला हा प्रकार. एकोणीसचे अकरा हजार मी तिथेच वाचवले.

खरा दाब ठरवते ती कॉफीच. १८५६ साली आँरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने दीजों शहराच्या पाणीपुरवठ्यावरच्या ग्रंथात वाळूतून पाणी किती वेगाने झिरपतं याचा नियम मांडला. आज भूजलवाले तोच नियम विहिरींसाठी वापरतात आणि कॉफीवाले कॉफीसाठी. दाबलेल्या कॉफीची चकती ही त्यांच्या लेखी वाळूच. झिरपण्याची क्षमता कणाच्या आकाराच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात बदलते. कण १० टक्के बारीक झाले की प्रवाह १९ टक्के घटतो आणि ३० सेकंदांत उतरणारी कॉफी ३७ सेकंद घेते. दळणात एवढासा फरक, आणि आंबट कॉफी कडू होते.

म्हणून पैसे द्यायचे तर दळणयंत्राला. त्यातही किती बारीक दळतं यापेक्षा किती एकसारखं दळतं ते महत्त्वाचं. घरच्या मिक्सरमध्ये दाणे फिरवले तर पिठी आणि कण्या एकत्र निघतात, पिठी भोकं बुजवते आणि पाणी कण्यांमधून वाट काढून निसटतं. गिरणीसारखी पाती दाण्यांना ठरलेल्या फटीतून काढतात. पाती स्टीलची की सिरॅमिकची यावर विक्रेते बरंच बोलतात, मला घरगुती वापरात त्यात पैसे मोजण्यासारखं काही दिसत नाही. स्वयंचलित मशीन कॅफेतल्याइतकं बारीक दळत नाहीत, अशी रसिकांची तक्रार असते. पण 'मॅटर' या नियतकालिकात २०२० साली आलेल्या एका अभ्यासात दिसलं की अति बारीक दळलं तर चकतीचा काही भाग तुंबतो, पाणी उरलेल्या भागातूनच जातं आणि अर्क उलट कमी उतरतो. थोडं जाडसर दळून, कॉफीही कमी घेऊन, दर वेळी जवळपास सारखा कप मिळवता आला.

एका मैत्रिणीकडे असं स्वयंचलित मशीन आहे. बाजूचं दार उघडून दोन्हीकडच्या कळा चिमटीत धरल्या की आतला सगळा ठोकळा हातात येतो. प्लास्टिकचाच, मुठीपेक्षा थोडा मोठा. वर बारीक भोकांची स्टीलची जाळी, कडेला रबराची कडी, खाली दट्ट्या. दळलेली कॉफी यात पडते, दट्ट्या ती दाबतो, पाणी जातं आणि उरलेली ओली चकती मागच्या डब्यात टपकन पडते. कॉफी बाहेर पडते त्या वाटेवर बऱ्याच मशीनमध्ये एक स्प्रिंगची झडप असते. ठरावीक दाब आल्याशिवाय ती उघडत नाही आणि कॉफी तिच्या फटीतून फेसाळत येते. त्यामुळे दळण जरा चुकलं तरी फेस येतोच. दुकानात तो दाखवून तुम्हाला पटवत असतील, तर तुम्ही झडपेचं कौतुक करताय एवढं लक्षात असू द्या.

आणि हा ठोकळा, पंप, दळणयंत्र बऱ्याचदा एकाच कंपनीच्या मधल्या आणि वरच्या किमतीच्या मशीनमध्ये सारखेच असतात. वरच्या पैशांत स्क्रीन मिळतो, पेयांची यादी चारावरून सोळावर जाते, बाहेरून धातूचा पत्रा येतो आणि दुधाचं भांडं मिळतं.

दुधाचं बघू. लग्नाच्या रिसेप्शनला जी 'एक्स्प्रेसो' मिळते, वरून कोको भुरभुरलेली, तिच्यात एस्प्रेसो नसतेच. झटपट कॉफीच्या दुधात वाफ सोडलेली असते. महागड्या मशीनचं दुधाचं भांडं तत्त्वाने त्याचंच सुशिक्षित भावंड आहे. वाफ अरुंद वाटेतून जोरात गेली की तिथला दाब घटतो, नळीतून दूध वर ओढलं जातं, बारीक भोकातून हवाही येते आणि तिघांचा फेस होतो. उत्तम होतो. पण त्या नळीत उरलेलं दूध मुंबईच्या दमट उन्हाळ्यात किती तासांत नासेल, ते सांगायला नको. रोज नळी धुणारं माणूस घरात नसेल तर त्या भांड्याचे पैसे देऊ नयेत. आमच्याकडे ते माणूस मीच असणार होते, म्हणून नको म्हटलं.

कप गरम ठेवणाऱ्या तव्यावरही माझी नाराजी आहे. कप गरम हवा हे खरं, पण त्यासाठी तवा लागत नाही. दीडशे ग्रॅमचा चिनी मातीचा कप २५ अंशांवर आहे आणि त्यात ८० अंशांची ४० ग्रॅम कॉफी पडली. दोघांच्या उष्णतेचा हिशेब केला तर मिश्रण ५६ अंशांच्या आसपास स्थिरावतं. घोट घेण्याआधीच चोवीस अंश कपाने खाल्ले! "मशीनची कॉफी कोमट असते" या तक्रारीतली मोठी चूक कपाची. आधी मशीनमधलंच गरम पाणी कपात घ्यायचं, हिंदकळून ओतून द्यायचं.

पाण्याचा खर्च मात्र कुणी सांगत नाही. बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असलं की तापवल्यावर त्यातला कॅल्शियम कार्बोनेट वेगळा होऊन चिकटतो, गिझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर. गिझरमधली जागा मोठी असते, इथे तो पाण्याच्या अरुंद वाटेत बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. तुमचं पाणी त्यापुढे असेल तर क्षार काढायचं औषध आणि गाळणीचा पैसा किमतीत धराच. निव्वळ आरओचं पाणीही चव बेचव करतं, थोडे क्षार चवीला हवेतच.

न्यू जर्सीच्या मावसभावाने "इथे निम्म्या किमतीत मिळतं, आणतो" असं सांगितलं. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. तो हीटर आपल्या २३० वर लावला तर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने पावणेचार पटीच्या जवळपास शक्ती ओढेल आणि जळेल. मध्ये जड ट्रान्सफॉर्मर ठेवला तरी पंप सेकंदाला साठऐवजी पन्नासच ठोके मारेल. त्याला म्हटलं, बदाम आण.

उरला हिशेब. समजा साठ हजारांचं मशीन सहा वर्षं टिकलं आणि रोज तीन कप झाले: ६,५७० कप, म्हणजे कपाला नऊ रुपये. रोज एकच कप असेल तर सत्तावीस. दीड लाखाच्या मशीनला तीन कपांवरही तेवीस पडतात. किलोला दोन हजारांचे दाणे आणि कपाला दहा ग्रॅम धरले तर दाण्यांचे वीस वेगळेच. आता याची तुलना कॅफेतल्या अडीचशेच्या कपाशी करू नका, विक्रेता तीच करतो. आम्ही कॅफेत महिन्यातून दोनदा जातो, रोज सकाळी पितो ती घरची फिल्टर कॉफी. तिच्या जागी किती जास्त द्यायचे, हा खरा प्रश्न. आम्ही दोघं मिळून दिवसाला तीन कप पितो, म्हणून कपाला आठ रुपयांची मर्यादा घातली. म्हणजे साडेबावन्न हजार. दुधाचं भांडं नाही, स्क्रीन नाही, आणि दुरुस्तीचं केंद्र गावातच आहे हे फोन करून विचारलेलं.

मशीन आलं. पहिली कॉफी पाणचट उतरली. नवरा काही बोलला नाही, पण त्याने माझ्याकडे पाहिलं ते कळलं. दळणाचा खटका कारखान्यातून पाचवर आला होता. मशीन दळत असतानाच तो फिरवायचा असतो, थांबलेलं असताना फिरवला तर पात्यांमध्ये अडकलेले दाणे आडवे येतात. दोन कप मोरीत गेले. खटका आता तीनवर, म्हणजे जास्त बारीक दळणावर आहे.