सामाजिक उद्योजकता व संवादकौशल्यांचे शालेय शिक्षण

समाजातील एखादी अडचण हेरून ती सोडवण्यासाठी स्वतःच्या पायावर उभा राहील असा उपक्रम चालवणे म्हणजे सामाजिक उद्योजकता. साधारण १४ ते १८ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांकडून असा उपक्रम लहान प्रमाणावर करून घेणे आणि त्यासाठी लागणारे ऐकणे, विचारणे, लिहिणे व बोलणे शिकवणे, असा या शिक्षणाचा दुहेरी हेतू असतो. अभ्यासक्रमाच्या कागदावर हे दोन विषय बहुधा एकामागून एक येतात. आधी उपक्रमाची आखणी, मग शेवटच्या आठवड्यात सादरीकरण. ही मांडणी सोयीची असली तरी फसवी आहे. ज्याची अडचण सोडवायची त्याचे म्हणणे ऐकूनच आखणीला सुरुवात होते. त्यामुळे संवाद हा या विषयाचा पहिला धडा ठरतो, आणि बऱ्याच वर्गांत नेमका तोच गाळला जातो.

सेवा, व्यवसाय आणि सामाजिक उद्योजकता यांतला फरक विद्यार्थ्यांना व्याख्येपेक्षा उदाहरणाने लवकर कळतो. डोळ्यांचे मोफत शिबिर भरवणे ही सेवा आणि नेत्ररुग्णालय काढून फी घेणे हा व्यवसाय. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराईत ११ खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने तिसरी वाट काढली. पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून न भरू शकणाऱ्यांचा खर्च भागवायचा आणि शस्त्रक्रियांची संख्या वाढवून प्रत्येकीचा खर्च खाली आणायचा. वर्गणीचा डबा घेऊन दारोदार फिरण्यापेक्षा हे वेगळे कसे, हा प्रश्न वर्गात टाकला की तासभर चर्चा रंगते.

पूर्वपीठिका

मुलांनी करून शिकावे हा विचार जुना आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांचे शिष्य विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धतीची मांडणी केली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे ज्युनिअर अचीव्हमेंट ही संस्था स्थापन झाली. मुलांनी छोटी कंपनी काढायची, भागभांडवल गोळा करायचे, वस्तू बनवून विकायची आणि शेवटी हिशेब मिटवून कंपनी बंद करायची, हा तिचा साचा आजही जगभर वापरला जातो. १९८७ मध्ये न्यूयॉर्कमधील एक शिक्षक स्टीव्ह मॅरिऑटी यांनी गरीब वस्त्यांतील विद्यार्थ्यांना उद्योजकता शिकवण्यासाठी वेगळी संस्था उभारली.

या साऱ्यात ‘सामाजिक’ हे विशेषण नव्हते. ते रुजवण्यात बिल ड्रेटन यांच्या ‘अशोका’ या सामाजिक उद्योजकांना पाठबळ देणाऱ्या संस्थेचा (स्थापना १९८०) मोठा वाटा आहे. तिने पाठ्यवृत्तीसाठी निवडलेली पहिली व्यक्ती मुंबईतील शिक्षिका ग्लोरिया डिसूझा या होत्या. म्हणजे सामाजिक उद्योजकतेच्या संघटित चळवळीची सुरुवातच एका शाळेतल्या बाईंपासून झाली, ही गोष्ट या विषयाच्या शिक्षकांना सहसा ठाऊक नसते. २००९ मध्ये अहमदाबादेत किरण बीर सेठी यांनी सुरू केलेल्या ‘डिझाइन फॉर चेंज’ने शाळकरी मुलांसाठी चार पायऱ्या ठरवल्या : जाणवणे, कल्पना करणे, करणे आणि इतरांना सांगणे. युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात उद्योजकतेच्या १५ क्षमता तीन गटांत मांडल्या आहेत. तिथे उद्योजकतेची व्याख्याच इतरांसाठी मूल्य निर्माण करणे अशी आहे आणि ते मूल्य आर्थिक, सांस्कृतिक किंवा सामाजिक असू शकते. दिल्ली सरकारने २०१९ पासून आपल्या शाळांत नववी ते बारावीला उद्योजकता मनोवृत्तीचा अभ्यासक्रम आणला. पुढे त्याला बीजभांडवलाची जोड दिली.

ऐकण्याचा पाठ

गरिबांना छोटी कर्जे देणारी ग्रामीण बँक उभारणारे बांगलादेशी अर्थतज्ज्ञ मुहम्मद युनूस यांची कथा या वर्गांत हमखास सांगितली जाते, पण बहुधा उलट्या टोकाकडून. नोबेल पारितोषिक (२००६), बँक (१९८३) आणि मग जाता जाता सुरुवात. शिकवण्याजोगा भाग सुरुवातीतच आहे. १९७६ मध्ये चितगावजवळच्या जोब्रा गावात युनूस लोकांना विचारत फिरले. बांबूची बैठी आसने विणणाऱ्या एका बाईच्या हाती दिवसाकाठी जवळजवळ काहीच का उरत नाही, याचे उत्तर तिने स्वतः दिले. बांबू घ्यायला पैसे नसल्याने तो व्यापाऱ्याकडून उधार घ्यावा लागे आणि तयार माल त्यालाच, तो सांगेल त्या दराने, विकावा लागे. त्यानंतर एका विद्यार्थिनीच्या मदतीने गावातल्या अशा लोकांची यादी झाली. ४२ माणसे आणि सर्वांची मिळून गरज ८५६ टका, त्या वेळचे सुमारे २७ डॉलर. यात भाषण कुठेच नाही. प्रश्न आहेत आणि एक यादी आहे. दोन्ही गोष्टी सोळा वर्षांच्या मुलीला जमण्यासारख्या आहेत.

म्हणून चांगल्या अभ्यासक्रमात पहिले काही आठवडे मुलाखतींना दिले जातात. विद्यार्थी पहिल्या मुलाखतीत ठरलेली चूक करतात. आपली कल्पना आधी सांगतात आणि मग विचारतात, “तुम्ही हे वापराल का?” समोरचा माणूस मुलांचे मन मोडू नये म्हणून ‘हो’ म्हणतो. मुले आनंदाने परततात आणि वहीत दहापैकी नऊ जणांचा होकार नोंदवतात. हा होकार कवडीमोलाचा असतो. त्याऐवजी घडून गेलेल्या गोष्टीबद्दल विचारायला शिकवावे लागते : “ही अडचण शेवटची कधी आली? तेव्हा तुम्ही काय केलंत? त्यात किती वेळ गेला?” ज्याने अडचणीवर आजवर काहीच केले नाही, त्याला ती फारशी टोचत नसावी, हेही मुलांना त्यातून उमगते.

दुसरा धडा गप्प राहण्याचा. वर्गातील प्रश्नोत्तरांचा अभ्यास करणाऱ्या मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात असे आढळले, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर उत्तरे लांबतात आणि त्यांमागची कारणेही बाहेर येतात. मुलाखत घेणाऱ्या विद्यार्थ्यालाही हे तंतोतंत लागू पडते. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. पंधरा वर्षांच्या मुलाला ते अनोळखी माणसासमोर काढायला सांगून पाहावे. जोडीजोडीने सराव करताना तिसऱ्याने हातातल्या घड्याळावर नजर ठेवायची, एवढ्या साध्या खेळाने ही सवय लागते. मुलाखत संपताच ऐकलेले शब्द जसेच्या तसे टिपून ठेवणे आणि स्वतःचा अर्थ वेगळ्या रकान्यात लिहिणे, हीदेखील मेहनतीने लावण्याची सवय आहे. ‘आजींना एकटेपणा वाटतो’ हा अर्थ झाला. आजी म्हणाल्या होत्या, “संध्याकाळी दिवे लागले की फोनवरची अक्षरं दिसत नाहीत.” या दोन वाक्यांतून दोन अगदी वेगळे उपक्रम निघतात.

हिशेबाचा पाठ

हा भाग कंटाळवाणा म्हणून उरकला जातो, आणि मग सगळा विषय गोड बोलण्यावर येऊन थांबतो. वास्तविक चार ओळींचे गणित पुरेसे असते. समजा, जुन्या वह्यांतील कोरी पाने बांधून नव्या वह्या करायच्या आहेत. एका वहीच्या बांधणीला १२ रुपये खर्च येतो, ती २० ला विकली जाते आणि बांधणीच्या यंत्राचे भाडे एकदाच ४०० द्यावे लागते. प्रत्येक वहीमागे ८ सुटतात, म्हणजे ५० वह्या विकल्यावर भाडे वसूल होते. आता मुलांनी ठरवले, की विकलेल्या दर तीन वह्यांमागे एक वही ज्याला परवडत नाही त्याला मोफत द्यायची. तीन वह्यांचे २४ मिळाले, त्यांतले १२ मोफत वहीवर गेले. तोच टप्पा गाठायला आता ५० च्या जागी १०० वह्या विकाव्या लागतात. उदारपणाची किंमत फळ्यावर अशी आकड्यांत उमटली, की मुले भांडू लागतात : किंमत वाढवावी, चारामागे एक द्यावी की भाडे माफ करायला कोणाला विनवावे? खरे शिक्षण या भांडणात होते.

फसलेल्या उपक्रमाचे गणितही दाखवावे. त्यासाठी ‘प्लेपंप’इतके बोलके उदाहरण सापडणे कठीण. लहान मुलांच्या गोल फिरणाऱ्या पाळण्याला पाण्याचा पंप जोडायचा, मुले खेळतील आणि टाकी भरेल, अशी ही दक्षिण आफ्रिकेतील कल्पना. तिला पारितोषिके मिळाली आणि २००६ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६४ लाख डॉलरच्या मदतीची घोषणा झाली. पुढे ‘गार्डियन’ या वृत्तपत्राने हिशेब मांडला, की एका पंपाने जितक्या लोकांची गरज भागेल असे सांगितले जात होते, तितके पाणी उपसायला मुलांना दिवसाचे २७ तास खेळावे लागेल. काही ठिकाणी मुले पांगल्यावर बायकांनाच तो पाळणा हाताने फिरवावा लागत होता. ही गोष्ट विद्यार्थ्यांना आधी जाहिरातीच्या भाषेत ऐकवावी आणि ‘पैसे द्याल का’ विचारावे. बहुतेक हात वर होतात. नंतर गणित द्यावे. प्रभावी बोलणे आणि खरे बोलणे यांतले अंतर याहून चांगले शिकवता येत नाही.

बोलणे व लिहिणे

थोडक्यात प्रस्ताव मांडण्याला आता शाळांतही ‘पिच’ म्हणतात. त्याचे साचे पुष्कळ आहेत. १९३० च्या दशकात पर्ड्यू विद्यापीठातील अॅलन मन्रो यांनी दिलेला पाच पायऱ्यांचा क्रम अजून टिकून आहे : लक्ष वेधणे, गरज दाखवणे, उपाय सांगणे, चित्र उभे करणे आणि कृतीचे आवाहन. साचा नवशिक्याला आधार देतो, पण दहा गटांनी तोच वापरला की सगळी भाषणे एका सुरात येतात. सरावाची शिस्त मात्र टोस्टमास्टर्स क्लबांकडून घेण्यासारखी आहे. राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात पहिला क्लब काढला, तेव्हापासून चालत आलेल्या या पद्धतीत बोलणाऱ्याइतकेच काम ऐकणाऱ्यांना असते. एक जण वेळ पाहतो, एक जण ‘अं’, ‘म्हणजे’ मोजतो, एक जण भाषणाचे परीक्षण करतो. आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर मिनिट-दोन मिनिटे बोलणे हा त्यातला उत्तम भाग. प्रत्यक्षातही अधिकारी तयार भाषण ऐकून घेत नाही. तो मध्येच विचारतो, “पैसे कुठून आणणार?”

बुजऱ्या मुलांवर या वर्गांत अन्याय होण्याचा धोका मोठा असतो. गटात जो आधीच चुरचुरीत बोलतो त्यालाच मंच मिळतो, बाकीचे फलक रंगवतात. भूमिका दर पंधरवड्याला बदलणे हा साधा उपाय आहे. लेखी संवादाला तितकेच गुण देणे हा दुसरा. परवानगीचा अर्ज, आभाराचे पत्र, देणगीदाराला पाठवायचा एक पानाचा अहवाल, नकारानंतरचे सभ्य उत्तर, हे लेखन अबोल विद्यार्थी पुष्कळदा अधिक नेटके करतात. मुलांना ज्या भाषेत भांडता येते त्याच भाषेत आधी मांडू द्यावे, भाषांतराचे नंतर पाहता येते.

मोठ्यांनी सांभाळायच्या काही गोष्टीही आहेत. अल्पवयीन विद्यार्थी बहुतेक देशांत स्वतःच्या सहीने बंधनकारक करार करू शकत नाहीत, त्यामुळे पैसे शाळेच्या नावे राहतात. मुलाखतींना विद्यार्थी एकटे जात नाहीत. ज्यांची अडचण मांडायची त्यांचे छायाचित्र त्यांना विचारल्याशिवाय पडद्यावर येत नाही.

परिणाम आणि आक्षेप

या शिक्षणाचा उपयोग किती, यावर उत्साही दावे फार, काटेकोर पाहण्या कमी. नेदरलँड्समधील एका व्यावसायिक महाविद्यालयात ज्युनिअर अचीव्हमेंटच्या कंपनी कार्यक्रमाची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या कौशल्यांबद्दल दिलेल्या अंदाजात लक्षणीय वाढ दिसली नाही आणि उद्योजक होण्याची इच्छा उलट कमी झाली. त्याच देशात ११-१२ वर्षांच्या मुलांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात (२०१४) व्यवसायाच्या ज्ञानात फरक पडला नाही, पण चिकाटी आणि सर्जनशीलतेसारख्या गुणांत वाढ आढळली. पहिला निष्कर्ष अपयश म्हणून सांगितला जातो. धंद्यातले कष्ट कळल्यावर काहींनी ‘हे आपले काम नव्हे’ असे ठरवले असेल, तर ते शहाणपणही असू शकते. हे अभ्यास सामाजिक उपक्रमांचे नव्हते, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे.

तात्त्विक आक्षेप अधिक खोल आहे. पाणी, आरोग्य, शिक्षण ही शासनाची जबाबदारी असताना प्रत्येक उणिवेवर मुलांना वस्तू विकायला शिकवणे म्हणजे राजकीय प्रश्नाला बाजाराचे रूप देणे, असे टीकाकार म्हणतात. त्यात तथ्य आहे. मुलाखतींतून ‘इथे उपक्रम नको, तक्रार हवी’ असा निष्कर्ष निघाला, तर तो स्वीकारून गटाला निवेदन लिहू देणारा अभ्यासक्रम या आक्षेपाला उत्तर देऊ शकतो. स्पर्धेच्या तारखेला बांधलेला अभ्यासक्रम ते करू शकत नाही, कारण निवेदनाला चषक नसतो. सुखवस्तू घरातील मुले दुसऱ्यांच्या हालअपेष्टांचा वापर महाविद्यालयीन प्रवेशाच्या अर्जासाठी करतात, हाही आरोप होतो. मूल्यमापनात ‘तुमचे कोणते मत बदलले आणि कोणाच्या बोलण्याने?’ हा प्रश्न ठेवला, तर नुसता देखावा केलेल्या गटाची वही कोरी राहते.

उपक्रम मिटवणे

बहुतेक शालेय उपक्रम वर्षाअखेरीस बंद पडतात. परीक्षा येतात, वर्ग बदलतात. जुन्या कंपनी कार्यक्रमात बंद करणे हाच शेवटचा पाठ असे : देणी फेडायची, उरलेले भागधारकांना वाटायचे आणि वहीखाते सर्वांसमोर उघडायचे. सामाजिक उपक्रमात भागधारकांच्या जागी अशी माणसे असतात ज्यांना काही मिळू लागले होते. त्यांना कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, काम पुढच्या तुकडीकडे किंवा एखाद्या संस्थेकडे सोपवता येईल का, उरलेले पैसे कोणाचे, हे ठरवायला दोन तासिका लागतात. वेळापत्रकात त्या तासिका बक्षीस समारंभाच्या आधी धराव्या लागतात, कारण समारंभानंतर वर्गात कोणी उरत नाही.