क्लाउडवर टाकलं की स्वस्त पडतं?

जळगावची डाळमिल असो की सावद्याचा केळीचा व्यापार, संगणकाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं : ‘सगळं क्लाउडवर टाका, स्वस्त पडतं.’ क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने वापरायचे दुसऱ्याचे सर्व्हर, सतत चालू राहणारे मोठे संगणक. ॲमेझॉनने 2006 मध्ये तासाच्या भाड्याने सर्व्हर द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून हा समज फिरतोय. तो अर्धाच खरा आहे.

भाड्याचं मीटर तासावर पळतं आणि महिन्याचे तास साधारण 730. वर्षभर रात्रंदिवस एकाच वेगाने चालणाऱ्या कामाला स्वतःचा सर्व्हर पुष्कळदा स्वस्त पडतो. (वीज, एसी, सांभाळणारा माणूस हे धरून हिशेब करा, ते सोयीस्कर विसरलं जातं.) एक किंवा तीन वर्षांचा करार केला तर क्लाउडचा दर उतरतो, पण मग हवं तेव्हा मीटर बंद करायची मुभा उरत नाही.

कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगचं उलट आहे. हंगामात श्वास घ्यायला फुरसत नाही, नंतर सगळी सामसूम. असं चढ-उताराचं काम क्लाउडला शोभतं. निकालाच्या दिवशी कोलमडणारी कॉलेजची वेबसाइटही त्यातलीच. बॅकअपची एक प्रत तर गावाबाहेर हवीच.

वजनकाट्याचं सॉफ्टवेअर मात्र जागेवरच ठेवा. नेट गेलं म्हणून मे महिन्यातल्या रावेरच्या उन्हात केळीचे ट्रक खोळंबले, तर माल पिकायला लागतो.

अजून एक मेख : क्लाउडवर डेटा चढवायला सहसा पैसे पडत नाहीत, उतरवायला पडतात. सीसीटीव्हीचं फुटेज रोज बघणाऱ्यांनी आधी तो दर विचारावा.