खाजकुयलीचं बी आणि पुरुषांचा हार्मोन

भातकापणी आटोपली की कोकणात गडग्यांवर, कुंपणांवर खाजकुयलीच्या शेंगा वाळायला लागतात. वाकडी शेंग, वर सोनेरी तपकिरी लव. ती अंगाला लागली की माणूस कासावीस होतो, मग शेण नाहीतर राख चोळायची. या लवेत म्युकुनेन नावाचं विकर असतं, खाज सुटते ती त्याच्यामुळे. पण औषध आहे ते आतल्या काळ्या चकचकीत बीमध्ये.

वैद्य या वेलीला आत्मगुप्ता म्हणतात, म्हणजे स्वतःची राखण स्वतःच करणारी. चरकसंहितेत वाजीकरणाच्या, म्हणजे पौरुषशक्ती वाढवण्याच्या, अध्यायात ती येते. बी थेट वापरत नाहीत. आधी दुधात शिजवायचं, साल काढायची, वाळवायचं आणि मगच कुटायचं. ही पायरी का महत्त्वाची, ते पुढे येईलच.

या बीमध्ये लेवोडोपा नावाचं रसायन असल्याचं 1937 साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी दाखवून दिलं. त्याआधी 1913 मध्ये गुगेनहाइमने तो बाकल्याच्या शेंगांतून वेगळा केला होता, पण शरीरात त्याचं काम काय, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. ते उलगडलं 1957 मध्ये. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. हे औषध सर्पगंधेतलं, आणि सर्पगंधा आपल्या सह्याद्रीतही उगवते. ससे सुन्न पडले. लेवोडोपा टोचल्यावर ते पुन्हा हिंडूफिरू लागले. लेवोडोपापासून मेंदूत डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन तयार होतं आणि कंपवातात (पार्किन्सनमध्ये) नेमकं तेच कमी पडतं, हे त्यातून पुढे उमगत गेलं. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं.

पुरुषांच्या हार्मोनशी याचा संबंध इथून जुळतो. हा हार्मोन म्हणजे टेस्टोस्टेरॉन, 1935 मध्ये बैलाच्या वृषणांतून ते वेगळं काढलं गेलं. ते वृषणातल्या लायडिग पेशी कोलेस्टेरॉलपासून बनवतात, पण हुकूम वरून यावा लागतो. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला खूण करतो, ग्रंथी एलएच नावाचा हार्मोन सोडते आणि मग त्या पेशी कामाला लागतात. प्रोलॅक्टिन हा पिट्युटरीचाच दुसरा हार्मोन, तो वाढला की वरची खूणच मंदावते. प्रोलॅक्टिनला आवरून धरतं ते डोपामिन. म्हणजे हे बी शरीरात बाहेरून हार्मोन ओतत नाही, अडलेली वाट मोकळी करतं. बाजारातल्या चूर्णांच्या जाहिराती नेमकी हीच गोष्ट गाळतात, म्हणून ती ठासून सांगावीशी वाटते. ज्याची वाट अडलेलीच नाही, त्या धडधाकट तरुणाला यातून फारसं काही मिळेल असं मानायला आधार नाही.

2009 मध्ये लखनौच्या संशोधकांनी वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या 75 पुरुषांना रोज 5 ग्रॅम बियांचं चूर्ण तीन महिने दिलं. प्रोलॅक्टिन उतरलं, एलएच आणि टेस्टोस्टेरॉन वाढलं, शुक्राणूंची संख्याही सुधारली. निष्कर्ष आशादायक आहे. पण तुलनेसाठी निरोगी पुरुष होते, नुसती दिखाऊ पूड घेणारा गट नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं.

आता त्या शिजवण्याबद्दल. 1989 मध्ये मोझांबिकमध्ये दुष्काळ आणि यादवीने गांजलेल्या लोकांनी याच बिया पोट भरायला खाल्ल्या. उकळताना बीमधला लेवोडोपा पाण्यात उतरतो, म्हणून एरवी ते पाणी ओतून देतात, पण तेव्हा पाण्याचाच तुटवडा, म्हणून ते टाकलं गेलं नाही. दोनशेहून जास्त माणसं भ्रमिष्टासारखी वागू लागली.

माझे काका कंपवातासाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेतात. मध्यंतरी गावातल्या एकाने "शक्तीसाठी घ्या" म्हणून त्यांना कवचबीजाची, म्हणजे याच बियांची, पुडी आणून दिली. गोळीत लेवोडोपा आणि पुडीतही लेवोडोपा. मी ती काकांच्या हातातून घेतली आणि दोन्ही वस्तू त्यांच्या डॉक्टरांसमोर नेऊन ठेवल्या.