आर्ची मूर : वय, आकडे आणि वारसा

आर्ची मूर (१३ डिसेंबर १९१३ किंवा १९१६ – ९ डिसेंबर १९९८) हा अमेरिकन बॉक्सर. लाइट हेवीवेट, म्हणजे १७५ पौंडांपर्यंतच्या (साधारण ७९ किलो) वजनगटाचा जगज्जेता, डिसेंबर १९५२ ते १९६२ ची सुरुवात. या गटात एवढी सलग वर्षं टायटल कुणीच राखलेलं नाही. टोपणनाव ‘ओल्ड माँगूस’, म्हणजे म्हातारा मुंगूस. 

जन्मसालाचा वाद : आई म्हणायची १९१३, गाव बेनॉइट, मिसिसिपी. मूर स्वतः सांगायचा १९१६, कॉलिन्सविल, इलिनॉय. यावर त्याचं ठरलेलं उत्तर होतं की आई तिथे हजर होती खरी पण मीही होतोच, तेव्हा बहुतेक मी जन्मलो तेव्हा तीन वर्षांचा असणार. हा नुसता गमतीचा मुद्दा नाही, कारण मूरचा सगळा मोठेपणा ‘एवढ्या वयात’ या दोन शब्दांवर उभा आहे. १९१६ धरलं तर टायटल जिंकताना तो ३६ चा आणि ते गेलं तेव्हा ४५ चा, १९१३ धरलं तर ३९ आणि ४८. इथे १९१३ धरलंय, आईला खोटं पाडायला ठोस कारण दिसत नाही, आणि बॉक्सरनं वय कमी सांगणं हे तर धंद्यातलंच.

नॉकआउटच्या आकड्याचंही तेच. कुठे १३१, जुन्या पुस्तकांत १४१, काही जण आणखी पुढे जातात. सुरुवातीच्या मॅचेसची नोंद जशी कुणी ठेवली तशी राहिली, त्यामुळे छातीठोक आकडा देणाऱ्यांकडे जरा संशयानंच बघावं. जगात सगळ्यात जास्त नॉकआउट मूरचेच, हे मात्र सर्वसाधारणपणे मान्य आहे.

टायटलला उशीर का झाला हे समजून घ्यायला १९४० चं दशक बघावं लागतं. तेव्हाच्या चांगल्या कृष्णवर्णीय बॉक्सरांना चॅम्पियन टाळायचे, मग ते आपापसातच लढत बसायचे. १९४४ मध्ये मूरला हरवणाऱ्या चार्ली बर्लीला तर टायटलची मॅच कधी मिळालीच नाही. एझर्ड चार्ल्सनंही मूरला तीनदा हरवलं. शेवटी १७ डिसेंबर १९५२ ला सेंट लुइसमध्ये मूरनं तेव्हाचा चॅम्पियन जोई मॅक्सिम याला १५ राउंडांत पॉइंटवर हरवलं, आणि मॅक्सिमला एक लाख डॉलरची गॅरंटी असताना जिंकणाऱ्याच्या हातात पडले ८००.

बहुतेक ठिकाणी मूर दुसऱ्यांच्या चरित्रातला एक परिच्छेद म्हणून येतो. हेवीवेट (सगळ्यात वरचा वजनगट) चॅम्पियन रॉकी मार्सियानोची शेवटची मॅच (सप्टेंबर १९५५, दुसऱ्या राउंडमध्ये मूरनं त्याला पाडलं होतं, नवव्यात स्वतः संपला), फ्लॉइड पॅटरसनचं पहिलं हेवीवेट टायटल (१९५६), आणि कॅशियस क्ले म्हणजे पुढचा मुहम्मद अली (१९६२, चार राउंड). मार्सियानो आणि अली दोघांशीही लढलेला हा एकटाच. पण या तिन्ही मॅच तो हरलेला आहे, तेव्हा वारसा त्यांच्यावरून मोजणं तितकंसं बरोबर वाटत नाही. त्यापेक्षा १० डिसेंबर १९५८, माँट्रियल. समोर इव्हॉन ड्युरेल, कॅनडातला कोळी. पहिल्याच राउंडमध्ये मूर तीनदा खाली, पाचव्यात परत एकदा, आणि अकराव्यात ड्युरेल नॉकआउट. तीन दिवसांनी मूरचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता (किंवा बेचाळिसावा, वर बघा).

त्याच गटात बर्नार्ड हॉपकिन्सनं माँट्रियललाच २०११ मध्ये ४६ व्या वर्षी टायटल जिंकलं, पुढे ४९ व्या वर्षीही त्याच्याकडे बेल्ट होते, त्यामुळे वयाचा विक्रम आता मूरचा राहिलेला नाही.

टिकलं ते तंत्र. डावा हात पोटावर आडवा, उजवा तोंडासमोर आडवा, हनुवटी त्यामागे, अंग थोडं पुढे वाकलेलं. समोरच्याचे ठोसे कोपरांवर आणि मनगटांवर आदळत राहतात, आणि हा हातांच्या वरून डोळे काढून बघत असतो. याला क्रॉस-आर्म गार्ड म्हणतात. तोटा असा की दोन्ही हात अडकलेले, जॅब (पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा) सुटायला वेळ लागतो, म्हणून खूप कमी जणांना जमलं. जॉर्ज फोरमननं दुसऱ्या इनिंगमध्ये हेच वापरलं आणि १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी हेवीवेट टायटल परत घेतलं. १९७४ मध्ये किन्शासाला अलीविरुद्ध फोरमनच्या कोपऱ्यात, म्हणजे त्याला सल्ला देणाऱ्यांत, मूर होताच.

वजन उतरवण्याचं गुपित ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींकडून मिळालं असं तो सांगायचा. मांस चावायचं, रस गिळायचा, चोथा थुंकायचा. यातलं आदिवासी प्रकरण कितपत खरं, त्याला आणि पत्रकारांना माहीत.

निवृत्तीनंतर ‘एनी बॉय कॅन’ हा मुलांसाठीचा उपक्रम, थोडा अभिनय, १९९० मध्ये बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच यादीत नाव, सॅन डिएगोत मृत्यू. तिथून जवळ रामोनाला त्याचा कॅम्प होता, नाव ‘सॉल्ट माइन’, आवारातल्या मोठमोठ्या दगडांवर जुन्या बॉक्सरांची नावं रंगवलेली. १९६० च्या ऑलिंपिकनंतर क्लेला शिकायला तिथेच पाठवलं होतं, पण झाडलोट करायला सांगितली म्हणून पोरगा वैतागला आणि निघून गेला. पुढे अलीनं पेनसिल्व्हेनियात डियर लेकला स्वतःचा कॅम्प काढला तेव्हा तिथेही असेच दगड आणले आणि त्यांवर बॉक्सरांची नावं रंगवून घेतली.