एल जेनेरिको : न हरलेल्या मुखवट्याची पार्श्वभूमी

मेक्सिकोतील 'लुचा लिब्रे' या कुस्तीत मुखवटा ही मल्लाची अब्रू मानली जाते. साल्वादोर लुतेरोत यांनी १९३३ मध्ये मेक्सिको सिटीत हा व्यवसाय उभा केला, पुढच्याच वर्षी एका अमेरिकन मल्लासाठी तिथल्या एका चप्पल-बूट शिवणाऱ्या कारागिराने मुखवटा तयार केला आणि प्रथा रुजली. दोन मल्ल मुखवट्याची पैज लावून लढले, तर हरणाऱ्याला भर रिंगणात चेहरा उघडा करावा लागतो आणि खरे नावही सांगावे लागते. सर्वांत लाडके मुखवटाधारी एल सांतो यांचे फेब्रुवारी १९८४ मध्ये निधन झाले, तेव्हा त्यांचे दफनही रुपेरी मुखवट्यासह झाले.

त्याच वर्षीच्या जुलैत कॅनडातील क्विबेक प्रांतात, मूळच्या सीरियन कुटुंबात, रामी सेबेई यांचा जन्म झाला. २००२ मध्ये ते मॉन्ट्रियलमध्ये रिंगणात उतरले ते 'एल जेनेरिको' या नावाने, म्हणजे 'कुठलाही एक लुचादोर' (लुचा लिब्रेचा मल्ल). गाव तिहुआना सांगितले जाई, मुखवट्याखालून मात्र लालसर दाढी डोकावत असे. थट्टा उघड होती आणि प्रेक्षकही तीत सामील होते. आपल्याकडे 'नुरा कुस्ती' म्हटले की शिवी दिल्यासारखे वाटते; इथे निकाल आधी ठरलेला असतो हे गृहीत धरूनच तिकीट काढले जाते, आणि कस लागतो तो लोकांना त्यात गुंतवून ठेवण्याचा.

मोठ्या कंपनीचा करार नसलेले मल्ल एका आयोजकाकडून दुसऱ्याकडे फिरत, छोट्या सभागृहांत, खेळागणिक मिळणाऱ्या बिदागीवर लढतात. कॅलिफोर्नियातील रेसीडा येथे माजी सैनिकांच्या संघटनेच्या सभागृहातही जेनेरिको असेच गाजले, आणि 'ओले, ओले' हा प्रेक्षकांचा गजर त्यांची ओळख बनला.

या कारकिर्दीचा कणा म्हणजे क्विबेकचेच केव्हिन स्टीन. दोघांनी सप्टेंबर २००८ मध्ये 'रिंग ऑफ ऑनर' या अमेरिकन संस्थेचे जोडीचे अजिंक्यपद जिंकले; डिसेंबर २००९ मध्ये स्टीन यांनी रिंगणातच जोडीदारावर हल्ला चढवला, आणि पुढचे वर्षभर हे वैर पेटत राहिले. १८ डिसेंबर २०१० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याची परिणती झाली ती मेक्सिकन धर्तीच्या पैजेत : एकीकडे जेनेरिको यांचा मुखवटा, दुसरीकडे स्टीन यांची त्या संस्थेतील कारकीर्द. थट्टेचा मुखवटा वाचावा म्हणून सभागृह जीव टाकत होते, यातच आठ वर्षांच्या मेहनतीचे मोल दिसते, असे मला वाटते. जेनेरिको जिंकले. पुढे २०१२ मध्ये त्यांनी जपानमधील 'डीडीटी' संस्थेचे मुख्य अजिंक्यपदही मिळवले.

२०१३ मध्ये त्यांनी डब्ल्यूडब्ल्यूई या बड्या कंपनीशी करार केला आणि ते 'सॅमी झेन' या नव्या नावाने, उघड्या चेहऱ्याने समोर आले. मुखवटा पैजेत गेलाच नाही. तो कराराबरोबर बाजूला पडला. जेनेरिको कुठे आहेत असे विचारल्यावर झेन यांचे उत्तर ठरलेले असते : ते निवृत्त झाले असून तिहुआनात अनाथ मुलांचा सांभाळ करतात.