एका माणसाकडे किती माग?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक लिस्ट सारखी फिरत असते, "एआय खाणार या १० नोकऱ्या" टाइपची, आणि तिच्यात विणकर हमखास असतो. लिस्ट बनवणाऱ्याच्या डोक्यातलं चित्र साधारण असं की एक दिवस रोबोट येणार, मागाजवळ उभा राहणार आणि विणकराला सांगणार, तू आता घरी जा. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव यापैकी कुठल्याही गावात एक तास काढला तरी कळतं की असा रोबोट कुठे नाहीये. तरी माणसं कमी होतायत, ते मात्र खरं. मग होतंय काय नेमकं? माझ्या मते हा सगळा खेळ एका साध्या प्रश्नाचा आहे, एक माणूस किती माग सांभाळू शकतो? आणि त्याचं उत्तर माग किती हुशार आहे यापेक्षा सूत किती वेळा तुटतं यावर ठरतं, ते कसं हे सांगायलाच हा लेख.

आधी मागाची थोडी ओळख. उभे धागे म्हणजे ताणा, ते बीमवर, म्हणजे एका लांब रुळावर, गुंडाळलेले असतात, साध्या पन्ह्याच्या कापडाला तीन हजारांच्या आसपास. आडवा धागा म्हणजे बाणा. ताण्याचे निम्मे धागे वर, निम्मे खाली, मधल्या फटीतून बाणा पलीकडे गेला की एक पीक झालं. ५२ पिकाचं कापड म्हणजे एका इंचात असे ५२ आडवे धागे. इचलकरंजीत कामगाराची मजुरीसुद्धा याच हिशोबाने बोलली जाते, ५२ पिकाला मीटरमागे अमुक पैसे.

साध्या यंत्रमागात बाणा नेतो धोटा. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, पोटात सुताची कांडी, वजन धरा ४०० ग्रॅम. जॉन केने १७३३ मध्ये इंग्लंडात याचं पेटंट घेतलं आणि तत्त्व तेव्हापासून तेच आहे, एका बाजूने धोट्याला दणका द्यायचा, दुसऱ्या बाजूला अडवायचा, परत दणका. आता ३० नंबरचं सूत घ्या, ते किलोमीटरला साधारण २० ग्रॅम भरतं. मग सव्वा मीटरच्या एका पिकात सूत किती? ०.०२५ ग्रॅमसुद्धा नाही! एवढ्यासाठी आपण ४०० ग्रॅमचं लाकूड इकडून तिकडे फेकतोय, म्हणजे एक किलो साखर पोचवायला सोळा टनांचा ट्रक. बरं, वेग वाढवावा म्हटलं तर फिजिक्स आडवं येतं. धोट्याचा वेग दुप्पट केला तर दर फेकीची ऊर्जा चौपट होते, आणि मिनिटाला फेकी पण दुप्पट झालेल्या असतात, म्हणून लागणारी पॉवर आठपट. शिवाय ती सगळी ऊर्जा पलीकडे धोटा थांबवताना वायाच जाते, उष्णता आणि आवाज होऊन. यंत्रमागाच्या शेडमधला तो खडखडाट, ज्याने कामगारांचे कान जातात, तो हाच. (कारखान्यांच्या नियमात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, ती कितीजण पाळतात ते बोलायला नको.) त्यामुळे साधा माग मिनिटाला दीडशे पिकांच्या आसपास अडकून बसला तो बसलाच.

यावर उपाय एकच, धोटाच काढून टाका. रॅपिअर मागात एक पट्टी चिमट्याने धागा मधोमध आणते, पलीकडची पट्टी तो पकडून ओढून घेते. एअरजेटमध्ये तर पट्टीपण नाही, नुसत्या हवेच्या झोताने धागा उडवतात. एका पिकापुरतं सूत आधी छोट्या ड्रमवर मोजून ठेवलेलं असतं, एक खिळा वर उचलला जातो, मेन नोझल फुंकर मारतं. पण झोत बाहेर पडला की पसरतो आणि त्याचा जोर जातो, म्हणून पूर्ण रुंदीभर छोटी नोझल्स ठेवलेली असतात आणि धाग्याचं टोक जसं पुढे सरकेल तशी ती एकामागून एक उघडतात, काही मिलिसेकंदांसाठी फक्त. मिनिटाला ८०० पीक म्हटलं तर एका पिकाला मिळतात ७५ मिलिसेकंद, त्यातला निम्मा वेळ धागा उडण्यासाठी. सव्वा मीटरच्या पन्ह्याला वेग झाला सेकंदाला ३३ मीटरच्या घरात! ५२ पिकाचं कापड साध्या मागावर मिनिटाला पावणेतीन इंच निघतं, इथे पंधरा इंच.

पण हा झाला वेग. वेगाने माणूस कमी होतोच असं नाही, हे लिस्टवाल्यांच्या लक्षात येत नाही. साध्या मागावर माणूस नक्की करतो काय ते बघा. कांडी संपली की बदलतो. कांडीवर हजारेक पिकांचं सूत आहे असं धरलं तर सात मिनिटांत ती संपते, आठ माग असतील तर मिनिटाच्या आत एक कांडी. दुसरं काम, डोळ्यांनी पहारा, तीन हजार धाग्यांतला एक तुटला आणि माग तसाच चालत राहिला तर कापडात लांबच लांब चीर येते आणि पैसे कापले जातात. तिसरं काम, तुटलेला धागा सांधणं. यातलं पहिलं काम मशीनने १८९० च्या दशकातच उचललं होतं, अमेरिकेत नॉर्थ्रॉप मागात संपलेली कांडी आपोआप बदलायची. दुसरं काम उचललं ड्रॉपरने. ही एक पातळ धातूची पट्टी, प्रत्येक धाग्यावर एक अडकवलेली, धागा तुटला की ती खाली पडते, सर्किट पूर्ण होतं, माग थांबतो. यात एआय वगैरे काही नाही, गुरुत्वाकर्षण आहे. जपानमध्ये साकिची टोयोडांनी १९२४ मध्ये आपोआप थांबणारा आणि चालू असतानाच धोटा बदलणारा माग आणला, त्याचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकले आणि पुढे त्याच घराण्याने मोटारी काढल्या, ती गोष्ट वेगळी.

राहिलं तिसरं काम, सांधणं. बाणा तुटला तर नवे एअरजेट तो खराब पीक स्वतः काढून परत चालू होतात, पण ताण्याचा धागा चालू मागावर तुटला तर आजही माणूसच जातो, वाकतो, टोक शोधतो, गाठ मारतो, वहीतून (धागे वर-खाली करणारी चौकट) आणि फणीतून ओवतो, बटण दाबतो.

आता इथून पुढे माझा आवडता भाग, जरा गणित आहे, सोसून घ्या. थांबे मोजायची पद्धत म्हणजे दर एक लाख पिकांमागे किती. समजा पाच. मिनिटाला ८०० पीक म्हणजे तासाला ४८,०००, म्हणजे एक माग तासाला २.४ वेळा थांबणार, सरासरी २५ मिनिटं चालला की एक थांबा. सांधायला चालत जाण्यासकट दीड मिनिट. मग साधा भागाकार केला तर २५ मिनिटांत दीड-दीड मिनिटाची सोळाच्या वर कामं बसतात, म्हणून मालक म्हणतो सोळा माग घे, तुला वेळ पुरतो. चूक! कारण धागे टाइमटेबल बघून तुटत नाहीत. कधी दहा मिनिटं सगळं शांत, कधी एकाच वेळी तीन माग थांबलेले. तुम्ही पहिल्या मागावर वाकलेले असताना बाकीचे दोन नुसते उभे असतात, आणि गंमत म्हणजे उभा माग तुटू शकत नाही, त्यामुळे रांग वाढत जाते तसा नवीन थांब्यांचा दर थोडा कमी पण होतो. या भानगडीला मशीन इंटरफिअरन्स म्हणतात. हे गणित नीट मांडणाऱ्यांमध्ये स्वीडनचा कॉनी पाम होता, १९४० च्या दशकात, आणि तो मुळात टेलिफोन एक्स्चेंजमधल्या रांगांचा माणूस, कापडाशी संबंध नाही. सूत्र असं की n माग बंद असण्याची शक्यता ही (n-१) बंद असण्याच्या शक्यतेला उरलेल्या मागांच्या संख्येने आणि दुरुस्तीचा वेळ भागिले चालण्याचा वेळ (आपल्या केसमध्ये ०.०६) याने गुणली की मिळते, मग सगळ्या शक्यतांची बेरीज एक करायची. एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम आहे, मी केलं.

आठ माग दिले तर प्रत्येक माग सरासरी ९१ टक्के वेळ चालतो आणि कामगार निम्म्याहून जास्त वेळ मोकळा. सोळा दिले तर माग ८४ टक्के, कामगार ८० टक्के वेळ सांधण्यात. चोवीस दिले तर माग ६८ टक्क्यांवर येतात, कुठल्याही क्षणी सात-आठ माग बंद, आणि माणूस ९८ टक्के वेळ वाकलेला, म्हणजे पाणी प्यायलाही फुरसत नाही. पण आता सूत सुधारा, थांबे लाखाला पाचवरून अडीचवर आणा, बाकी काही बदलू नका. तोच एक माणूस, तेच चोवीस माग, आणि माग ९३ टक्के चालतात! त्याचा एक-तृतीयांश वेळ मोकळा पण राहतो. म्हणजे तुटणं निम्मं झालं तर माग मात्र दुप्पट नाही, तिप्पट सांभाळता आले, आठवर जी एफिशियन्सी होती त्याहून थोडी चांगलीच. हे बघितल्यावर मी दोनदा बेरीज तपासली होती.

(अर्थात यात धागे पूर्ण रँडम तुटतात आणि दुरुस्तीचा वेळही रँडम असतो असं धरलंय, खऱ्या शेडमध्ये एक वाईट बीम आलं तर सगळा हिशोब पाण्यात.)

मग थांबे निम्मे कशाने होतात? इथे लिंबू-मिरचीचा विषय काढावाच लागतो. खंडेनवमीला मागाची पूजा करा, जरूर करा, हत्याराबद्दलचा मान आहे तो. पण उन्हाळ्यात धागे सारखे तुटायला लागले की माग बाधला, कुणाची तरी नजर लागली म्हणून मागावर लिंबू टांगतात त्याला काय म्हणावं. कापूस ओलसर असला की जास्त मजबूत असतो, एप्रिलमध्ये हवा कोरडी पडते, सूत कडक होतं, खळ (धाग्यावर चढवलेला स्टार्चचा थर) झडते आणि धागे तुटतात. शेडमधली आर्द्रता ७०-८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवली की नजर आपोआप उतरते. लिंबाच्या पैशात हायग्रोमीटर येणार नाही हे मान्य, पण फार महागही नसतो तो. आणि याच्या उलट टोकाला हल्ली "एआय पॉवर्ड" मागाच्या जाहिराती आहेत, त्यातल्या बऱ्याच खोलून बघितल्या तर थांबे मोजून मोबाइलवर दाखवणारा काउंटर निघतो. उपयोगाची गोष्ट आहे, पण मोजल्याने धागा सांधला जात नाही.

आर्द्रतेच्या आधी सायझिंग, म्हणजे ताण्याला खळ नीट चढणं. आणि त्याच्याही आधी सूतगिरणी. तिथे ऑटोकोनर नावाचं मशीन सुताचा प्रत्येक मीटर सेन्सरखालून काढतं, जाड-बारीक जागा दिसली की कापून टाकतं आणि दोन टोकं हवेच्या झोताने एकमेकांत पिळून जोडतं, गाठ न मारता. तिथे काढलेली प्रत्येक कच्ची जागा म्हणजे मागावरचा एक संभाव्य थांबा कमी. म्हणजे इचलकरंजीतल्या विणकराचं काम दुसऱ्याच गावातल्या मशीनने कमी केलं, जे त्याने आयुष्यात पाहिलेलंही नाही. त्याला एवढंच कळतं की मालकाने या महिन्यापासून आणखी चार माग दिले.

बाकीची कामं तर याहून गुपचूप गेली. धोटा गेला तसा कांडी भरणारा गेला, कारण बाणा आता थेट सुताच्या मोठ्या कोनवरून येतो. नवीन बीम चढवताना जुन्या-नव्या धाग्यांची टोकं एकेक सांधणाऱ्या वहिफणी कामगाराच्या जागी नॉटिंग मशीन आलं, ते मिनिटाला शेकड्याने गाठी मारतं. हातोडी-पान्ह्यावर माग लावणारा जॉबर आहे, पण त्याला आता कार्ड, सेन्सर, वॉल्व्ह कळावे लागतात, आणि ते शिकायला कुणी पगारी सुट्टी देत नाही. काही कामं नव्याने आली, कंप्रेसर आणि ह्युमिडिफिकेशन बघणारे वगैरे, पण गेलेल्या माणसांच्या मानाने थोडी.

टेक्नॉलॉजी कायम पुढेच जाते असंही नाही हं. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतलं कापडाचं काम कुठे गेलं? अत्याधुनिक कारखान्यांत नाही, भिवंडीसारख्या ठिकाणच्या साध्या यंत्रमागांवर, ज्यातले कित्येक गिरण्यांनीच भंगारात काढलेले होते. मजुरी पुरेशी स्वस्त असेल तर ४०० ग्रॅमचा धोटासुद्धा परवडतो. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला, सव्वाशे वर्षं होत आली, तरी त्याच तत्त्वावरचे माग आजही शेजारच्या एअरजेट शेडला लागून खडखडतायत. सरकारची टफ योजना १९९९ ची, व्याजात सवलत देऊन नवे माग घ्यायला लावणारी, नंतर साध्या मागालाच स्टॉप मोशन (धागा तुटला की माग थांबवणारी यंत्रणा) बसवायची योजना आली, पण स्वस्त मजुरीपुढे सबसिडी दरवेळी जिंकत नाही.

मला खटकतं ते मजुरीचं. पिकावर पैसे ही पद्धत साध्या मागावर ठीक होती, कामगार चपळ असेल तर कांडी लवकर बदलणार, माग जास्त चालणार, पैसे जास्त. एअरजेटवर वेग सॉफ्टवेअर ठरवतं, थांबे सूत ठरवतं, आणि कामगाराच्या हातात राहतं फक्त ते दीड मिनिट. खराब सुताचा लॉट आला की तो दुप्पट वाकतो आणि कापड उलट कमी निघतं, म्हणजे जास्त कष्ट करून पिकावर कमी पैसे. मजुरीच्या करारात पिकाचा दर असतो तसा लाख पिकांमागे किती थांबे धरलेत हा आकडाही लिहायला हवा, त्याच्या वर गेलं तर एकतर माग कमी करा नाहीतर दर वाढवा. आकडा शोधायला कुठे जायचीही गरज नाही, दर शिफ्टचे थांबे मागाच्या स्क्रीनवर येतातच.