590 पॉइंट मोठे की 470 रुपये?

वहिनींनी डायनिंग टेबलावर दोन कागद ठेवले. क्रेडिट कार्ड विकणाऱ्या मुलाने दोन्ही कार्डांचा हिशेब त्यांच्याच महिन्याच्या खर्चावर पेनाने मांडून दिला होता. एकावर लिहिलं होतं 590, दुसऱ्यावर 470. "भाऊजी, 590 मोठे ना?" मी हो म्हणणारच होतो, इतक्यात 590 च्या पुढे बारीक अक्षरात 'आर.पी.' दिसलं. रिवॉर्ड पॉइंट. आणि 470 च्या मागे रुपयाची खूण.

कॅशबॅक आणि पॉइंट यांत लोक गल्लत करतात ती इथेच. दोन्ही खर्चावरचा परतावाच, पण कॅशबॅकचा रुपया हा रुपयाच असतो. पॉइंट म्हणजे बँकेनं छापलेलं नाणं. त्याचा भाव बँक ठरवते, ते कुठे चालेल हे बँक ठरवते आणि किती दिवसांनी बाद होईल हेही.

वहिनींपुढची दोन्ही कार्डं एसबीआय कार्डचीच होती, म्हणून तुलना सोपी झाली. पहिलं 'सिम्पली सेव्ह': किराणा, डिपार्टमेंटल स्टोअर, हॉटेलातलं खाणं आणि सिनेमा यांवर दर 150 रुपयांना 10 पॉइंट, बाकीकडे 150 ला 1. चार पॉइंटांचा एक रुपया, म्हणजे एक पॉइंट 25 पैशांचा. दुसरं 2022 साली आलेलं 'कॅशबॅक' कार्ड: ऑनलाइन खरेदीवर 5 टक्के, दुकानात स्वाइप केलं तर 1 टक्का.

आता घरचा महिना बघा. डी-मार्ट 6,000, ऑनलाइन खरेदी 7,500, हॉटेल 2,000, औषधं 1,500. पॉइंटवाल्या कार्डावर डी-मार्टचे 400, हॉटेलचे साधारण 130, ऑनलाइनचे 50, औषधांचे 10. झाले 590. भागिले चार, म्हणजे एकशे साडेसत्तेचाळीस रुपये. कॅशबॅकवर ऑनलाइनचे 375, डी-मार्टचे 60, हॉटेलचे 20, औषधांचे 15, एकूण 470. वर्षाला एकीकडे 1,770 आणि दुसरीकडे 5,640. कागदावरचा मोठा आकडा हातात पडताना दुसऱ्याच्या एक तृतीयांशाहूनही लहान होतो.

शिवाय कॅशबॅक बिल तयार झालं की दोन दिवसांत आपोआप कार्डावर जमा होतो. पॉइंट आपण होऊन मोडावे लागतात, आणि मोडायचं शुल्कही बहुधा असतं: 99 रुपये आणि वर जीएसटी. दोन वर्षांची मुदत संपली की साठलेले पॉइंट गुपचूप जातात. माझे एकदा असेच गेले. बॅगेसाठी साठवत होतो. बँकेचा एसएमएस आला होता, पण तो लोनच्या जाहिरातींच्या ढिगात कुठे दिसणार?

नावावर मात्र जाऊ नका. एचडीएफसीच्या 'मिलेनिया'ची जाहिरात पाच टक्के कॅशबॅकची असते, पण खात्यात जमा होतात ते 'कॅशपॉइंट'. बिलात वळते करताना एकाला एक रुपया मिळतो खरा, पण ते वळते करायची आठवण आपणच ठेवायची. त्याच बँकेच्या 'रिगेलिया गोल्ड'वर पॉइंटचा भाव जागेप्रमाणे बदलतो. विमान किंवा हॉटेल बुक केलं तर 50 पैसे, बिलात वळता केला तर 20. दहा हजार पॉइंट साठले असतील तर कुणासाठी ते पाच हजार रुपये आणि कुणासाठी दोनच हजार. लेक बंगळूरला आणि वर्षातून चार फेऱ्या विमानाने, अशांनी पॉइंटच घ्यावेत, तिथे ते शोभतात. पण वाणसामान, औषधं आणि मुलांचे बूट यांत ज्यांचा पगार जातो त्यांना विमानाच्या भावाचा काय उपयोग?

रोजच्या खर्चाची खरी गोम मात्र वगळलेल्या गोष्टींच्या यादीत आहे. ती दोन्ही प्रकारांत असते आणि वाचत कुणीच नाही. पेट्रोल, घरभाडं आणि वॉलेटमध्ये भरलेले पैसे बहुतेक कार्डांवर बाहेर. वीजबिल, विमा, शाळेची फी आणि सोनं यांवरही कित्येक कार्डं काहीच देत नाहीत. म्हणजे मध्यमवर्गीय घरातले मोठे आकडे नेमके तिथेच, जिथे परतावा शून्य. पेट्रोलवर 1 टक्का अधिभार माफ होतो, त्याला लोक कॅशबॅक समजतात. तो परतावा नव्हे. जादा लावलेला पैसा परत मिळतो, एवढंच.

कॅशबॅकचे नियमही दगडावरची रेघ नसतात. एसबीआयचं ते कार्ड आलं तेव्हा महिन्याला 10 हजारांपर्यंत कॅशबॅक मिळत होता. मे 2023 पासून ती मर्यादा 5 हजार झाली, आणि शाळेची फी, दागिने, वीजबिल, विमा, रेल्वे हे कॅशबॅक मिळणाऱ्या यादीतून बाहेर गेले. तेव्हा अर्ज करायच्या दिवशी बँकेच्या साइटवरचं चालू पत्रक उघडून दर पुन्हा तपासायचा. दिवाळीत मॉलच्या दारात टेबल मांडून बसलेल्या मुलाच्या हातातला कागद चालत नाही.

आणखी एक गंमत. 'किराणा' म्हणजे काय हे तुम्ही-आम्ही ठरवत नाही, दुकानाचं मशीन ठरवतं. प्रत्येक व्यापाऱ्याला चार अंकी कोड असतो. 5411 म्हणजे किराणा नि सुपरमार्केट, 5812 म्हणजे हॉटेल. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मी एकदा 3,000 रुपयांचं वाणसामान भरलं. दोनशे पॉइंट यायला हवेत, आले वीस. तूरडाळ, साखर, गोडेतेल, सगळं किराण्याचंच, पण मशीन भलत्याच कोडावर नोंदलेलं. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "साहेब, मशीन बँकेनं दिलंय, मला काय माहीत?" खरंच होतं त्याचं. सरसकट टक्का देणाऱ्या कार्डाला हा ताप कमी असतो, तरी वगळलेल्या यादीतली दुकानंही ह्याच कोडावरून ओळखली जातात.

भाजीवाल्याकडे, दुधाच्या डेअरीत कार्डाचं मशीन नसतंच. तिथे 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं आणि क्यूआर स्कॅन करून पैसे देता येतात. अट एवढीच की क्यूआर व्यापारी खात्याचा हवा. भाजीवाल्याने मुलाच्या वैयक्तिक खात्याचा कागद टांगला असेल तर क्रेडिट कार्ड चालत नाही, आणि मागे रांग वाढत असताना ते कळतं. यूपीआयवरच्या खर्चाला परतावा वेगळ्या दराने मिळतो का, तेही पत्रकात बघायचं.

हा सगळा हिशेब बिल पूर्ण भरणाऱ्याचा आहे. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तरी 20,000 वर 700, वर 18 टक्के जीएसटीचे 126. झाले 826. वहिनींचा पावणेदोन महिन्यांचा कॅशबॅक एका फटक्यात गेला. 'किमान रक्कम' भरायची सवय असलेल्या घराने दोन्ही कागद टेबलावरून उचलावेत.

हे ऐकून वहिनी थोड्या वेळ गप्प राहिल्या आणि मग नेमकं बोलल्या. "पण भाऊजी, डी-मार्टचे 400 पॉइंट म्हणजे 100 रुपये ना? कॅशबॅकवर तिथे 60च मिळतात. मग डी-मार्ट आणि हॉटेल त्या कार्डावर, बाकी ह्या कार्डावर?" मुद्दा बिनतोड होता. मी मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढला. दोन कार्डं मिळून महिन्याला साडेबावन्न रुपये जास्त, वर्षाचे 630. पॉइंट मोडायचे 117 गेले, उरले 513. मग फीचं पान उघडलं. सिम्पली सेव्हची 499, ती वर्षाला लाखभर खर्च केला तर माफ. आपला डी-मार्ट आणि हॉटेलचा खर्च 96,000. चार हजारांनी माफी हुकली, म्हणजे जीएसटीसह 589 भरा. कॅशबॅक कार्डाची फी 999, ती दोन लाखांना माफ. सगळं एकाच कार्डावर असताना 2,04,000 होऊन ती सुटत होती. आता तिथे राहिले 1,08,000, म्हणजे आणखी 1,179.

वहिनींनी 590 वाला कागद उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर महिन्याची यादी लिहायला घेतली. पहिली ओळ होती तूरडाळ, दोन किलो.